राखेनं घासलेल्या काचा

सत्तरच्या दशकात, मी शाळकरी पोर असताना, मला रक्ताचा कॅन्सर झाला. आमचे सोलापूरचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकात बघून बघून वैतागले. या रोगाची दोन मोठी घराणी, दोन्हींची औषधं वेगळी, आणि माझ्या पेशी कुठल्याच घराण्यात बसेनात. औषध चुकलं तर पोर हातची जाईल, असं त्यांनी वडिलांना स्पष्ट सांगितलं. पडद्याआडून मी ते ऐकलं आणि भलतीच घाबरले.

कमरेच्या हाडातला मगज काचेच्या पट्ट्यांवर पसरून रंगवला होता. मोहोळच्या मामांनी त्या पट्ट्या मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून आणायच्या असं ठरलं. तोवर हातावर हात धरून कसं बसायचं, म्हणून आमच्या डॉक्टरांनी अंदाजानं एका घराण्याची औषधं सुरू केली.

मामा परतले ते तोंड पाडून. पट्ट्या कोऱ्या निघाल्या होत्या! मामा निघायच्या आदल्या दिवशी आईनं त्या राखेनं घासून लख्ख केल्या होत्या.

"जांभळे डाग पडलेल्या काचा मुंबईला न्यायच्या व्हय?" आई डॉक्टरांनाच म्हणाली. "लोक नावं ठिवतील की!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. औषधं पोटात गेल्यावर पेशी आता पहिल्यासारख्या मिळणार नव्हत्या. "चालू आहे तेच चालू ठेवू," ते म्हणाले. हे कळल्यावर आईच्या घशाखाली घास उतरेना. मला मात्र त्या गोळ्यांनी राक्षसी भूक लागली. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही, आणि दोन घासांच्या मध्ये आणखी काय आहे म्हणून चौकशी. केस गळाले, गाल फुगले. सगळं दह्यात कालवून खाते म्हणून वडील मला गोपाळकाला म्हणायचे आणि मी चिडून आणखी खायचे. इतकी मजा मला आजारपणात आली हे आज सांगायलाही लाज वाटते.

महिना सरल्यावर मगज काढायला पुन्हा कमरेत सुई टोचली. डॉक्टर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, मग उठले आणि त्यांनी आईला तिथं बसवलं. आईनं भीत भीत आत पाहिलं.

"ह्यातलं वाईट कंचं?"

"एकही नाही."

"आन् मग हिला हुतं तरी काय?"

"ते आता कुणालाच कळणार नाही, बाई."

आई तशीच आत बघत बसली. तिला उठवायला कुणी गेलं नाही, कारण तिचे खांदे हलत होते.