पहिल्या कथेतली जाऊ
पहिली कथा जिच्यावर लिहिली तिलाच ती ऐकायला नेण्याइतकी मी मूर्ख होते. बोईसरकडून कंपन्यांचा आंबूस वास वाऱ्यावर आला की ती दुपार आठवते. वाणगावला मी मिरच्या खुडल्या, कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरली, तारापूरच्या कॉलनीत पोळ्या लाटल्या, आणि साठीला बाईसाहेब लेखिका झाल्या. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या घराला पाणी होतं ते थोरल्या जावेच्या बोरिंगचं, आणि प्रत्येक हंड्यामागे ती चार टोमणे मारायची. मी फक्त तिचं नाव बदललं. तपकीर, लंगडणं, शिव्या सगळं तसंच ठेवलं. शेवट दुःखाचा असला की साहित्य होतं अशी माझी समजूत, म्हणून शेवटी तिला नाग डसवला. महिला मंडळात तापलेल्या पत्र्याखाली घामेजून मी वाचत होते, आणि बायका माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या. कथेतली ती मेली तेव्हा एकीने टाळीही वाजवली. मी स्वतःवर इतकी खूश, की घरी येताना तिलाच विचारलं, "कशी वाटली?" आता नातवंडांना हे मी रंगवून सांगते. तिने पंपाच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि मग म्हणाली, "मी मेले ना? मंग जावेचं दहा दिवस सुतक पाळ, माज्या पान्याला शिवू नको. आन तेराव्याला जेवाया मलाच बोलव."