चिंचेच्या पाण्यातला सीरियम

जगात धातू फक्त दोन, असे आमच्या आतोबांचे ठाम मत होते: एक सीरियम आणि दुसरे उरलेले सगळे. सोन्याला ते बायकांचा धातू म्हणत आणि लोखंडाला सरकारचा. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गिरगावातून घोड्यांची ट्राम धावे त्या काळात ते आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहत आणि एका कॉलेजच्या रसायनशाळेत मदतनीस होते. तिथले साहेब विलायतेला परत जाताना त्यांना म्हणाले, काय हवे ते माग. दुसऱ्या कोणी घड्याळ मागितले असते, निदान शिफारस तरी. आतोबांनी कपाटातला सुपारीएवढा सीरियमचा खडा मागितला. त्या दिवसापासून आत्याच्या संसारात सवत आली, असे चाळ म्हणू लागली.

सवतीचे लाडही तसेच होते. सीरियमला हवा सोसत नाही, लगेच काळवंडतो, म्हणून तो रॉकेलच्या बाटलीत बुडून असे. दारावर येणारी कोळीण एकदा वाकून बघत म्हणाली, "दादा, यो काय तेलात घातलाय? लोनचं घालतंस का?" आतोबांनी टोपली खाली ठेवायला लावून तिला सगळे समजावले. वजनाला जस्ताच्या जवळपास, पण सुरीने कापता येईल इतका मऊ. गरम पाण्यात टाकला तर पाण्याशी भांडतो, आम्लात टाकला तर विरघळून जातो. तेवढ्या वेळात मांजराने एक बांगडा पळवला. खरी मजा पुढे होती. खड्यावरून कानस फिरवली की पिवळ्या ठिणग्यांचा सडा उडे. चाळीतल्या एका मुलीच्या लग्नाचे बोलणे करायला आलेल्या वरपक्षाच्या गृहस्थांच्या नव्या उपरण्यावर ठिणगी पडली, तेव्हा आतोबा शांतपणे म्हणाले, "भोक नाही हो ते, सीरियमची सही आहे." ते लग्न मोडले. आतोबांचा निकाल असा की मुलगा म्हणजे नुसते तांबे. चांगला होता, पण कितीही घासला तरी ठिणगी पडली नसती.

असा आल्यागेल्यापुढे घासून घासून खडा हरभऱ्याएवढा उरला. घासलेली जागा बघता बघता काळवंडे, आणि कापून त्यांनी तो कधी पाहिला नाही. आतून तो चांदीसारखा असतो असे पुस्तकात वाचले होते, पण सुरी लावायचा त्यांना धीर होत नसे. उरलेला हरभरा त्यांनी एका रविवारसाठी राखून ठेवला होता. वाडीतल्या शाळेत त्यांचे व्याख्यान ठरले होते, मराठीतून. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या व्याख्यानांत बाटल्या हातात दिल्या. आता एकदाच टेबलाच्या पुढच्या बाजूला उभे राहायचे होते. महिनाभर ते आरशासमोर बोलत होते. ठिणग्या शेवटी दाखवायच्या, म्हणजे लोक उठून जाणार नाहीत, असा बेत होता.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे शाळेतली बाके लावून परत आलो, तर आत्या स्वयंपाकघरात रडत बसलेली. पुढ्यात वाटी, वाटीत गढूळ पाणी आणि तळाशी पांढरट साका. पूजेची भांडी घासता घासता तिला बाटलीतला तो काळा खडा दिसला होता.

"चार लोकांत न्यायचा आणि इतका काळा न्यायचा का, म्हणून चिंचेच्या गरम पाण्यात टाकला," ती म्हणाली. "तांब्याचं सगळं निघतं हो चिंचेनं."

दाराशी शेजारीपाजारी जमले होते. आतोबा खाली बसले, वाटी डोळ्यांजवळ नेली. मग त्यांनी विचारले, "बुडबुडे आले?"

"आले."

"बारीक की मोठे?"

"बारीक. सोड्याच्या बाटलीत येतात तसे."

"आणि त्याच्या आधी? रंग कसा झाला?"

आत्याने पदराने डोळे पुसले. "एकदम लखलखीत. माझ्या नथीतल्या मोत्यांच्या वर. तुम्हाला हाक मारावी असं वाटलं, पण तुम्ही तिकडे शाळेत."

"इतकी वर्षं सांभाळला मी," आतोबा म्हणाले, "आणि रूप पाहिलंस तू." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असा हेवा मी पुन्हा कोणाच्या तोंडावर पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी ते रिकामी बाटली घेऊन उभे राहिले. ठिणग्या नाहीत म्हटल्यावर निम्मे लोक उठून गेले. उरलेल्यांना ते म्हणाले, "आम्लातला प्रयोग काल माझ्या घरी झाला. तो करणारी व्यक्ती तिकडे बसली आहे," आणि बायकांच्या बाजूला हात केला. कोणीतरी हसले. आतोबा थांबले नाहीत. बुडबुड्यांपासून साक्यापर्यंत सगळे त्यांनी आत्याच्याच शब्दांत सांगितले. व्याख्यान फसले असे चाळीचे मत पडले. मला ते फार आवडले.

आतोबांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. मध्ये आत्याकडे गेलो होतो, तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, "जेवताना मधेच विचारायचे, कसा गं दिसला होता? पुढं पुढं मलाच नीट आठवेना. मग मी आपलं मनानं थोडं वाढवून सांगायची. त्यांना कळत असणार. पण ऐकून घ्यायचे. आता कोण विचारतंय?"

मी विचारले, "आत्या, कसा गं दिसला होता?"

तिने हातातले काम बाजूला ठेवले आणि सांगायला सुरुवात केली.