घासलेला रुपया

सोमवार, ९ मार्च. आज सासूबाईंच्या जुन्या चांदीच्या रुपयाला काय भाव येईल ते बघायला नाण्यांच्या दुकानात गेले. तो विकून त्यांना कानाचं यंत्र घ्यायचं आहे. रुपया आधी खरा-खोटा तपासायला पाठवला होता; तो प्लास्टिकच्या सीलबंद डबीत परत आला, वर चिठ्ठी: ‘अस्सल, पण घासलेला.’ दर लक्ष्मीपूजनाला त्या तो चिंचेने लख्ख करायच्या.

“वहिनी, चिंचेनं वाट लावली,” नाण्यांचे व्यापारी म्हणाले. “आता नुसता चांदीचा भाव. तरी तुमच्यासाठी म्हणून घेतो.”

बोलताना ते डबी खाली ठेवत नव्हते. मीही मंडईत आवडलेल्या वांग्यांनाच नावं ठेवते. ज्याला खरंच नको असतं, तो काही न बोलता पुढच्या गाळ्याकडे जातो. खोट काढायलाही आधी वस्तू मनात भरावी लागते.

“द्या इकडे,” मी म्हटलं. “सासूबाईंना विचारते.”

“त्यांना ऐकू येत नाही म्हणालात ना?”

“भाव बरोबर ऐकू येतो.”

मंगळवार, १० मार्च. आज सकाळी मी धाकट्या जावेला त्याच दुकानात पाठवलं, तसलाच घासलेला रुपया विकत मागायला. घ्यायचा नाही, फक्त भाव विचारून यायचं.