हाताची घडी आणि मारिका आजी

थेन रॅडमॉल लहानाचा मोठा झाला तो सॅनपीट खोऱ्यात, टर्की कोंबड्यांच्या शेडमध्ये. कोंबड्यांना गप्पांची गरज नसते, त्यामुळे त्याचं कधी अडलं नाही. मग चर्चकडून धर्मप्रचाराच्या मिशनचं बोलावणं आलं: हंगेरी. आईनं रडून घेतलं, शेजाऱ्यांनी टाय दिले, आणि निरोपाच्या रविवारी पोरगा चर्चमध्ये दोन वाक्यं बोलून खाली बसला. अख्ख्या गावाला तो त्याचा विनय वाटला.

प्रोव्होच्या मिशनरी प्रशिक्षण केंद्रात आल्यावर तो 'एल्डर रॅडमॉल' झाला. इथं प्रत्येक पोरगा 'एल्डर', पहिलं नाव कुणाला लागत नाही. छातीवरच्या काळ्या पट्टीवर आडनाव असतं, तेवढं पुरतं. सकाळी उठून टाय बांधायचा, वर्गात हंगेरियन घोकायची, जेवणघरात चॉकलेटचं दूध ढोसायचं, परत हंगेरियन. सगळं घोकलेलं रॅडमॉलला झोपेतसुद्धा येई. समोर माणूस बसला की मात्र जीभ टाळूला चिकटे.

त्याचा जोडीदार एल्डर मोआला. वेस्ट व्हॅलीतला, मूळ टोंगा बेटांवरच्या घरातला पोरगा, दारातून आडवा शिरावा एवढा रुंद. हंगेरियनचं व्याकरण त्याच्या हातून रोज नव्यानं मरे, पण तो भर मैदानात ओरडल्यासारखा खुशाल बोलत सुटे.

तिसऱ्या आठवड्यात रॅडमॉलनं ठरवलं, आपल्याला हे जमायचं नाही. केंद्रातल्या चर्चशाखेच्या अध्यक्षांना भेटायचं आणि घरी परत पाठवा म्हणायचं. पण इथला नियम असा, की जोडीदार नजरेआड होता कामा नये. म्हणजे पळून जायचं तरी जोडीदाराला बरोबर घेऊन. शेवटी कपडे धुवायला गेले तेव्हा त्यानं मोआलाला सांगून टाकलं.

मोआलानं मशीनमध्ये मोजे कोंबले. "येतो की मी. बाहेर बसतो. पण गुरुवारी मारिका आजी आहे, ते लक्षात आहे ना?"

"म्हणून तर जायचंय."

"वा रे वा! म्हणजे आजीपुढं मी एकटा? गुरुवार होऊ दे, मग रविवारी जाऊ. तुझी बॅग मी उचलतो."

"शप्पथ?"

"शप्पथ घेणं आपल्यात चालत नाही, एल्डर. पण उचलतो."

मारिका आजी म्हणजे खरं तर त्यांच्या शिक्षिका सिस्टर वॉर्डल. वय जेमतेम तेवीस. स्वतः हंगेरीत मिशन करून आलेल्या. पोरांना सराव व्हावा म्हणून तिथं त्यांना भेटलेल्या एका म्हातारीचं सोंग त्या घेत. खांद्यावर शाल आली, की त्यांना इंग्रजीचा एक शब्द कळेनासा होई.

गुरुवारी पोरांनी वर्गाचं दार ठोठावलं. आजींनी दोघांना बसवलं, नसलेल्या कपातून नसलेली कॉफी पुढं केली. कॉफी आमच्या धर्मात वर्ज्य, म्हणून दोघांनी नम्रपणे नकार दिला. मोआलानं हवापाण्याच्या चौकशीत तीन काळ एकत्र कालवले आणि कोपरानं रॅडमॉलला ढोसलं. आता याची पाळी.

"आपण... प्रार्थना करू," रॅडमॉल घोकलेलं बोलला. त्यानं मान खाली घातली आणि छातीवर हाताची घट्ट घडी घातली. आमच्याकडे पोर बसायला लागलं की हेच शिकतं. दुसरी पद्धत असते हे त्याच्या गावीही नव्हतं.

पुढची ओळ काही आठवेना. त्यानं घडी आणखी आवळली.

"का रे बाळा," आजी हळूच म्हणाल्या, "माझ्यावर रुसलास का?"

रॅडमॉलनं वर पाहिलं. आजींनी हात जोडून मांडीवर धरले होते आणि त्या खरंच दुखावल्यासारख्या बघत होत्या.

"कॉफी नको म्हणालास. आता हात बांधून, तोंड पाडून बसलास. माझं काही चुकलं का?"

याचं उत्तर कुठल्याच धड्यात नव्हतं. म्हातारीला वाईट वाटलंय, एवढंच त्याला कळलं, आणि तोंड आपोआप उघडलं.

"नाही, आजी! रुसणं नाही! माझी आई. आम्ही पाच भाऊ. चर्चमध्ये मी भावाला मारतो. भाऊ मला मारतो. आई म्हणते, हात बांध! हात बंद, मारामारी बंद. मग... देव ऐकू येतो."

"पाच भाऊ? अगं बाई! तुझी आई करते काय?"

"आई ओरडते. बाबा... बाबांकडे पक्षी. मोठा पक्षी. खूप." शब्द माहीत नव्हता. रॅडमॉल उठला, मान पुढं काढली आणि गळ्यातून असा काही टर्कीचा आवाज काढला, की शेजारच्या वर्गातला फिनिश भाषेचा तास बंद पडला.

मोआला खुर्चीवरून घसरला. आजींनी शाल तोंडावर घेतली. खांदे मात्र गदगदा हलत होते. मोठ्या कष्टानं म्हातारपण सावरून त्या म्हणाल्या, "बरं, शिकव मला पण. कुठला हात वर?"

"कुठलाही, आजी."

तिघंही घडी घालून बसले. प्रार्थना रॅडमॉलनंच केली. अडखळत, व्याकरण तुडवत. पण त्यात घोकलेला एकही शब्द नव्हता.

रविवारी मोआलानं कोट चढवला. "चल, अध्यक्षांची वेळ घेतलीय ना?"

"घेतलीय तर जाऊ."

अध्यक्ष ऑस्लर एरवी दातांचे डॉक्टर. "बोला एल्डर, काय दुखतंय?"

रॅडमॉल हाताची घडी घालून बसला.

"प्रार्थना करतोयस की रुसलायस?" दारातून मोआलानं विचारलं.

"तू बाहेर बसणार होतास ना?"

"मग? तुझी बॅग उचलायची का?"

"राहू दे तिथंच." रॅडमॉल अध्यक्षांकडे वळला. "सर, टर्कीला हंगेरियनमध्ये काय म्हणतात हो?"

"मला काय विचारतोस, बाबा? मी मिशन ब्राझीलला केलं."

"मग हंगेरीत जाऊनच विचारतो," रॅडमॉल म्हणाला.