तीन-तीन सोयरे
मोहफुलांचा वास आला की सिंदेवाहीची आमची ओसरी आठवते. तिथे बसून मी गणित सोडवत होते. वहीत रेघांनी जोडलेल्या दहा-दहा ठिपक्यांच्या दोन आकृत्या होत्या. दिसायला वेगळ्या, पण जोडणी एकच आहे का, ते ठरवायचं होतं. एकीचा कोणता ठिपका दुसरीच्या कोणत्या ठिपक्याच्या जागी बसतो, अशा छत्तीस लाख जुळण्या तपासायच्या म्हणून मी रडकुंडीला आले. मोहफुलं वाळत घालणारी मावशी डोकावली. "लग्नात अनोळखी पाव्हना आला तं आमी त्याचे सोयरे पुसतो, मंग सोयऱ्यांचे सोयरे. तसंच पुस ना ठिपक्यांले!" मी प्रत्येक ठिपक्याला त्याचे सोयरे, म्हणजे रेघेनं जोडलेले ठिपके, विचारत गेले आणि ठिपक्याला ठिपका धडाधड जुळला! मी ओसरीभर नाचले. मावशी म्हणाली, "पन सगळ्यांलेच तीन-तीन सोयरे असले तं कसं वळखशीन?" मी नाचता नाचता थबकले. कुठल्याही दोन आकृत्यांची जोडणी एकच आहे का, हे झटपट ओळखायची रीत अजून जगात कोणालाच सापडलेली नाही; मी रोज तीच शोधते, आणि रोज ओसरीभर नाचायची तयारी ठेवते.