भोंगा डॉक्टर आणि बाराची एस.टी.

आमच्या भोंगा डॉक्टरांना हळू बोलता येत नसे. पेशंटला पडद्याआड नेऊन ते विचारत, "जुलाब कधीपासून?" आणि समोरच्या दुकानातले मारवाडी शेठ कापड मोजायचे थांबून उत्तराची वाट पाहत. गावात गिरणी नव्हती, म्हणून भोंग्याचा मान डॉक्टरांना मिळाला होता.

जळगाव-धुळे रस्त्यावरच्या त्या तालुक्याच्या गावी मी नवा डॉक्टर म्हणून पाटी लावली, तेव्हा ते येऊन म्हणाले, "आजपासून तू डॉक्टर मंडळाचा चिटणीस." मंडळ म्हणजे गावातले सगळे खाजगी डॉक्टर. आम्ही एका बाकावर मावत होतो, जरा दाटीवाटीने.

स्वातंत्र्य नवे होते, सुधारणाही नव्या होत्या. सरकारी दवाखान्याला शिस्त लागावी म्हणून केसपेपरची खिडकी अकराला बंद करण्याचा हुकूम निघाला. खेड्यांवरची एस.टी. यायची बाराला. तापलेली पोरे कडेवर घेऊन आलेल्या बाया तशाच परत जात. एक बाई परतीच्या एस.टी.तच बाळंत झाली, त्या दिवशी डॉक्टरांनी बैठक बोलावली.

"खिडकी बंद झाली तर पेशंट आपल्याकडेच येतील," आमच्यातला एकजण म्हणाला. "आपण कशाला बोलायचं?"

"आपल्याकडे येत नाहीत, घरी जातात," डॉक्टर म्हणाले. "मी स्टँडवर उभं राहून पाहिलंय."

मंडळाच्या अर्जावरून जळगावच्या आरोग्य खात्याच्या साहेबांनी पाहणी करायचे कबूल केले, तेव्हा डॉक्टरांनी एकच विनंती केली. "मोटार नको, साहेब. आमच्या पेशंटच्या एस.टी.ने या."

साहेब सरळ माणूस. कोंबड्यांच्या टोपलीशेजारी बसून, धुळीने पांढरे होऊन उतरले. आणलेला हार डॉक्टरांनी माझ्या पिशवीत कोंबला आणि त्यांना थेट दवाखान्यात नेले.

"खिडकी बंद शे. उद्या या," शिपाई मान वर न करता म्हणाला.

"मी जळगावहून आलोय."

"बठ्ठा लोके लांबूनच येतस."

साहेब पायरीवर बसले. शेजारी उन्हात, नातवाला मांडीवर घेतलेली एक म्हातारी होती. तिने विचारले, "तुले काय व्हयनं, भाऊ?"

"काही नाही, अक्का."

"मंग सावलीमा काबर बठना? ह्या पोरले ताप शे."

साहेब उठून उन्हात उभे राहिले. डॉक्टरांनी खिशातला कागद काढला आणि घडी न मोडताच परत ठेवला. मग म्हणाले, "आमचं निवेदन होतं, साहेब. आता वाचत नाही."

खिडकी साहेबांनी तिथल्या तिथे उघडायला लावली. एस.टी.तला शेवटचा पेशंट तपासल्याशिवाय ती बंद करायची नाही, असा हुकूमही मागोमाग आला. हार मात्र डॉक्टरांनी त्या म्हातारीला घातला. ती दचकून म्हणाली, "हार कसाले रे भाऊ? मी आजून जित्ती शे."

पुढे म्हातारपणी डॉक्टर धुळ्याला लेकीकडे गेले आणि तिथेच आजारी पडले. मी इस्पितळात भेटायला गेलो, तर प्रकृतीबद्दल अक्षर न बोलता शेजारच्या खाटेकडे बोट दाखवून म्हणाले, "याला पांघरूण नाही. मंडळातर्फे बोल."

"आपलं मंडळ या जिल्ह्यातलं नाही, डॉक्टर."

"थंडी आहे ना या जिल्ह्यातली?"

मी तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी वाद घालून घोंगडी आणली. ती शेजाऱ्याच्या अंगावर पडलेली पाहिल्यावरच त्यांनी मला जाऊ दिले.

पुन्हा धुळ्याला गेलो तेव्हा त्यांची खाट रिकामी होती. घोंगडी पांघरून बसलेल्या शेजाऱ्याने मला ओळखले.

"मंडळना चिटणीस तुम्हीच ना? डॉक्टरसाहेब सांगी गयात, काही लागलं तर तुमलेच सांगजो."

मी मान हलवली. त्याला उशी हवी होती.