बंदुकीला खोबरेल

खोबरेलाचा वास आला की अजून मी नाकाला पदर लावते. केसांना मी आता शेंगदाण्याचं तेल लावते. जाऊबाई त्यावरून हसतात, पण कारण त्यांनाही ठाऊक आहे.

आमच्या घरी पिकाच्या राखणीसाठी परवान्याची रायफल आहे. तिची गोळी अगदी बारीक, बोटाच्या पेराएवढी. पासली गावाच्या वरच्या अंगाला आमची दोन भातखाचरं आहेत आणि त्यांना लागून रान. तिथला तांदूळ आम्ही विकत नाही, तो आमचं वर्षाचं खाणं. रानडुकरांचा कळप उतरला तर एका पहाटेत खाचर लोळवतो. तेव्हा बांधाच्या मातीत एक बार काढायचा, आवाजाने कळप पळतो.

सासरे होते तोवर रायफल त्यांच्याकडे होती. पुसताना ते मला समोर बसवायचे, कारण त्यांना जवळचं दिसत नसे. बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती दांडी, मागे ओढून आत गोळी नाही ना, हे आधी मला बघायला लावायचे. मग स्वतः बोट घालून खात्री करायचे.

"हितं मेणचट काजळी धरती," गोळी बसते ती जागा दाखवून ते म्हणायचे. "बार काढला की त्याच दिशी पुसायची. नळी मातर रोज खरवडायची न्हाई. गोळ्या हिकडंतिकडं जाया लागल्या, की मग एकदा कपडा वढायचा."

तेल म्हणजे जाऊबाईंच्या शिलाई मशीनचं. थेंबभर लावायचं आणि तेही पुसून काढायचं. पावसाळ्यात मात्र दर आठवड्याला बाहेरून तेलाचा हात फिरवायचा, कारण आमच्याकडे भिंतीतल्या खिळ्यालाही गंज चढतो. सासऱ्यांचं फडकं वेगळं, पत्र्याच्या डबीत असायचं. काम झालं की ते कोपरापर्यंत साबण लावून हात धूत. "ह्या काजळीत शिसं असतंय. भाकरीला लागाय नको," म्हणत.

सासरे गेले आणि परवाना मोठ्या दिरांच्या नावावर झाला. तेव्हापासून रायफलीला उठसूट तेल मिळू लागलं. वेल्ह्याकडून कोणी ओळखीचं आलं, कोणी पुण्याचं जागा बघायला आलं, की दीर ती बाहेर काढत. डोक्याला लावायची खोबरेलाची बाटली घेत, तळहातावर ओतत, नळीवरून बोल्टवरून चोळत आणि उरलेलं तेल तसंच केसांना फासत. कुठे डाग दिसला तर अंगठ्याला थुंकी लावून घासत. आत मात्र कधी बघितलं नाही. फडकं म्हणून हाताला येईल ते. एकदा दूध गाळायचं फडकं चुलीमागे सापडलं, काळं, गिळगिळीत, बंदुकीच्या जळक्या दारूच्या वासाचं. मी ते चिमट्याने उचलून जाळलं. पिठाच्या डब्याच्या झाकणावर बोटांचे काळे ठसे होते. त्या दिवशी वरचं पीठ मी म्हशीलासुद्धा घातलं नाही.

धाकट्या सुनेने मोठ्या दिराशी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पदर ओढून बाजूला व्हायचं, काही सांगायचं असेल तर जावेकडून. मी मुळातच भित्री, त्यामुळे मला ते सोयीचं होतं. खोबरेलाचं मी जाऊबाईंना सांगितलं.

"अवो, ती म्हणतीया खोबरेल लावू नगा," त्या म्हणाल्या.

"का? तिच्या डोक्याला कमी पडतंय व्हय?" दीर मला ऐकू जाईल असं म्हणाले आणि बाटली घेऊन अंगणात गेले.

दसऱ्याला तर कहर. कोयते, विळे, नांगराचा फाळ आणि मध्ये रायफल, सगळं पाटावर मांडलेलं. पूर्वी सासरे तिला लांबून फूल वाहायचे, हळदकुंकू फक्त लाकडी दस्त्याला लावायचे. दिरांनी बोल्ट उघडा ठेवला होता. तेलकट बोल्टवरच चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि अक्षता. मग कोणाचा तरी फोन आला, तसाच बोल्ट सारून त्यांनी ती खुंटीला टांगली.

दिवाळीनंतर थंडी पडली. बाटलीतलं खोबरेल पांढरं, घट्ट झालं. बंदुकीतलंही झालं असणार, हे माझ्या मनात आलं होतं. भात कापायला आम्ही तिघं, दीर, जाऊबाई आणि मी, रायफल घेऊन पहाटे निघालो. माझे मालक कापूरहोळला गॅरेजात कामाला, ते रविवारीच येत. खालच्या खाचरात खसपस ऐकू आली. कळप आत होता, पिल्लांसकट.

दिरांनी बांधाकडे नेम धरून चाप ओढला. नुसती टिक वाजली. पुन्हा बोल्ट ओढला, पुन्हा टिक. ह्या गोळीच्या कडेवर बोल्टमधल्या खिळ्याचा जोराचा ठोका बसावा लागतो, आणि तो खिळा गोठलेल्या तेलात रुतून बसला होता. आम्ही आरडाओरडा केला, दगड मारले. डुकरं त्यांच्या सवडीने गेली. उजाडलं तेव्हा खाचर चिखलात लोळलं होतं. लोंब्या चावून थुंकलेल्या, मध्येच डुकरांची घाण. वास सहन होईना.

"गोळ्याच वल्या निघाल्या," दीर म्हणाले.

वरचं खाचर अजून उभं होतं. कळप दुसऱ्या दिवशी येणार हे पोरसुद्धा सांगेल. मी पदर धरला आणि त्यांच्या पायांकडे बघत म्हणाले, "भाऊजी, खोबरेल पुसून काढा. मामंजी मशीनचं लावायचे."

त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं. "काय म्हणतीया?"

"कानात बी खोबरेल घातलंय का?" जाऊबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर दिरांनी आधी गोळ्या बाजूला काढल्या, मग बोल्ट रॉकेलने धुतला. आतून तांबूस, शेंबडासारखा लगदा निघाला. त्यात एक अक्षता होती, हळदीची, अख्खी.

जाऊबाईंनी ती काडीने वर काढली. "घ्या. येवढा एक दाणा राखला तुमच्या बंदुकीनं."

दिरांनी बोल्ट कोरडा पुसला, जाऊबाईंनी मशीनच्या तेलाचा थेंब दिला, तो लावून पुन्हा पुसला. दुसऱ्या पहाटे एकाच बाराला कळप रानात गेला आणि वरचं भात आम्ही त्याच दिवशी कापलं. खालचं गुरांनीही खाल्लं नाही. उन्हाळ्यापासून आम्ही दुकानचा तांदूळ खातो. त्यात खडे फार आणि त्याला वास पोत्याचा.

त्या दिवशी वरचं भात कापून घरी आलो, तेव्हा रायफल पुसून दीर तसेच जेवायला बसले. बोटं काळी, नखांत मेणचट काजळी. भाकरीच्या टोपलीकडे हात गेला.

"हात धुवा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा जाऊबाईंकडे बघितलं. त्या भात वाढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी न्हाई सांगायची. ऐकलं की तुमी."

ते उठले, तांब्यात बोटांची टोकं बुडवून आले आणि लुंगीला पुसली. मी टोपली उचलून माझ्या मागे ठेवली.